पंखा बंद होता तेव्हा

त्या सकाळी फोन वाजला तेव्हा मल्लाप्पाचा आवाज माझ्या कानातच होता. हेडफोन लावून मी चित्रपटातल्या शेवटच्या प्रसंगाचा आवाज साफ करत बसलो होतो आणि तेच एक वाक्य पुन्हापुन्हा ऐकत होतो. मोबाइलवर नाव आलं, मल्लू. मी एक कान मोकळा केला आणि म्हणालो, "शंभर वर्षं आयुष्य आहे लेका तुला." पण फोनवर तो नव्हता. त्याच्या बायकोचा, महानंदा वहिनींचा आवाज आला. "भावजी, ह्यांना बघा की हो… उठंनात."

दुसऱ्या कानात मल्लाप्पा बोलतच होता. वाक्य संपलं, पुन्हा सुरू झालं. ते बंद करायचंही मला सुचलं नाही.

त्याला त्याच्या गावी, गडहिंग्लजला नेलं. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती दिली. पाठ भिंतीला, मान किंचित पुढे… तो बसलेला बघून मी नजर वळवली, कारण मल्लाप्पाला मी माइकसमोर कायम उभा बघितला होता. माइकसमोर बसलेला फक्त एकदाच बघितला, त्याच आठवड्यात, माझ्याच खोलीत. त्या एका बसण्याबद्दल मला लिहायचं आहे. आता काही महिने होऊन गेलेत. लोक भेटतात, चित्रपटातल्या त्याच्या कामाचं कौतुक करतात, आणि मी मान डोलावतो. ते डोलावणं आता जड व्हायला लागलं आहे.

राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर माझी ध्वनिमुद्रणाची खोली आहे. मूळची ती एका कापड दुकानाची अडगळीची खोली. भिंतींना जाड गाद्या ठोकून, मध्ये काच बसवून तिचे दोन भाग केलेले. आतल्या भागात माइक, बाहेरच्या भागात मी. बरीच वर्षं झाली, एका दुपारी मी एका बँकेची जाहिरात मुद्रित करत होतो आणि बंद खिडकीतून एक आवाज आत घुसला. साड्यांच्या सेलची रिक्षा. वरती कर्णा, आत एक रुंद खांद्याचा माणूस. टेक वाया गेला म्हणून मी तणतणत खाली गेलो. रिक्षातला माणूस, म्हणजे मल्लाप्पा, शांतपणे म्हणाला, "पावणं, माझा आवाज तुमच्या खोलीत आला, ही चूक माझी हाय की तुमच्या खिडकीची?" मला हसू आलं. मी त्याला वर चहाला घेऊन आलो. त्यानंतर तो खाली गेला असं मला कधी वाटलंच नाही.

पुढे मुंबईच्या एका कंपनीनं एका जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिकेचं मराठी करायला मला दिलं. विनोदी मालिका. समुद्राकाठच्या एका छोट्या गावातला सार्वजनिक हमामखाना, तिथं पाणी तापवणारा काझुओ नावाचा धांदरट तरुण, आणि समोरच्या छत्रीदुरुस्तीच्या दुकानातली मियो. प्रत्येक भागाच्या शेवटी काझुओ मियोला मनातलं सांगायला जातो, तोंड उघडतो, आणि काहीतरी होऊन धपकन हौदात पडतो. आधी आम्ही ते शुद्ध मराठीत केलं आणि ते कंपनीला तर सोडाच, मलाही ऐकवेना. मग मल्लाप्पाला उभा केला. त्यानं काझुओला कोल्हापुरी बोलायला लावलं. "मला काय म्हणायचंय की…" एवढं म्हणून तो 'की' वर चढवत न्यायचा, वर वर न्यायचा, आणि मग पाणी. त्या 'की'वर लहान मुलं हसून लोळायची. मालिका चालली, दुसरं सत्र आलं, तिसरं आलं. मियोचा आवाज प्राजक्ता द्यायची. ती शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी यायची. आम्ही तिघांनी त्या खोलीत काढलेले दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात हलके दिवस होते.

फक्त उकाडा होता. पंख्याची घरघर माइक पकडतो, म्हणून टेक सुरू झाला की पंखा बंद करावा लागायचा. त्याचं बटण माझ्या बाजूला, माझ्या खुर्चीच्या उजव्या हाताला. आत घामाघूम झालेला मल्लाप्पा वाक्य संपलं रे संपलं की त्याच दमात ओरडायचा, "पंखा लाव की, शिजलो." मी बटण दाबायचो. माझ्याकडच्या त्याच्या प्रत्येक टेकच्या शेपटाला हे वाक्य आहे. मी ते कापून उरलेलं मुंबईला पाठवायचो. प्राजक्ता म्हणायची, "सर, एकदा ते पण पाठवा, हिट होईल."

मालिकेनं त्याला कोल्हापुरात ओळख दिली. तो भाजी घ्यायला उभा राहिला की कुणीतरी मागून म्हणायचं, "मल्लूशेठ, मला काय म्हणायचंय की…" तो ते पुरं करायचा, मान टाकून पडल्याची नक्कल करायचा, लोक हसायचे. त्याला ते आवडतं असं मी धरून चाललो होतो. मग त्याची आई गेली. काही दिवसांनी तो कामावर आला, पण माइकसमोर न जाता माझ्या शेजारी बसला.

"आईच्या दिवसाला समदी जमलीती," तो म्हणाला. "म्हटलं दोन शब्द बोलावं. उभारलो. आणि लेका, तोंडातनं सवयीनं तेच आलं. मला काय म्हणायचंय की…"

"मग?"

"मग काय. पोरं फिसकन हसली. माझा सख्खा पुतण्या हसला. थोरली माणसं खाली बघाय लागली. मी बसलो खाली. आईबद्दल बोलायचं ऱ्हाऊनच गेलं."

तो उठला, आत गेला, आणि त्या दिवशीचा भाग नेहमीपेक्षा चांगला झाला.

आणि मग तो चित्रपट आला. मालिकेचाच पुढचा भाग, पण हसवणारा नव्हे. काझुओचे केस पांढरे व्हायला लागलेत. मियो शहरात निघून गेली होती, ती आता आईबापाचं घर विकायला गावात परतली आहे. गाव ओस पडलंय, हमामखाना बंद पडायला आलाय. दोन तास ती दोघं एकमेकांना टाळतात, भेटतात, भलतंच काहीतरी बोलतात. शेवटी, ती निघायच्या दिवशी, तो रिकाम्या हौदाच्या काठावर उभा राहून बोलतो. त्या दिवशी हौदात पाणीच नसतं, त्यामुळे पडायची सोय नसते. जपानी वाक्याचं मी मराठी केलं ते असं: "मला काय म्हणायचंय की… तू गेलीस तवापासनं रोज पाणी तापवलंय मी. कोण येत न्हवतं तरी." मल्लाप्पानं तो कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. कुठलाही कागद वाचून तो त्यावर टोमणा मारायचा. त्या दिवशी नाही मारला.

मुंबईहून रेवती नावाच्या बाई हे काम बघत. त्यांचा फोन आला. "चित्रपट गंभीर आहे. लोक त्या आवाजावर हसायला शिकलेत. आम्ही दुसरा आवाज बघतोय." त्यांनी पुण्याच्या एका नटाचा नमुना पाठवला. खोटं कशाला बोलू, तो आवाज चांगला होता. खोल, थांबून बोलणारा. मी रेवतीबाईंना म्हणालो, "मला एक दिवस द्या. मल्लाप्पाचा शेवटचा प्रसंग पाठवतो. पटला नाही तर तुमचा माणूस घ्या."

हे मल्लाप्पाला सांगायला मी रंकाळ्यावर गेलो. तो तिथं संध्याकाळी फिरायचा. कठड्यावर बसून त्यानं ऐकून घेतलं.

"म्हणजे परीक्षा हाय म्हण की माझी."

"तसंच समज."

"लेका, लोकास्नी हसवायला लय सोपं हाय. नुसतं पडायचं." तो पाण्याकडे बघत होता. "एकदा तरी पुरतं बोलू दे मला. कोण न हसता ऐकलं पायजे. एवढंच."

मी म्हणालो, "एक दिवस आहे आपल्याकडे. तेवढ्यात जमव." आता वाटतं, हे मी त्याला सांगायलाच नको होतं. त्याला एक प्रसंग नेहमीसारखा करायला लावून, काही न कळवता पाठवून दिला असता, तर तो त्या दिवशी दमला म्हणून घरी तरी गेला असता. एकच दिवस आहे हे कळल्यावर तो घरी कसा जाईल?

मे महिना होता. दुपारी तो जिना चढून आला आणि मधल्या वळणावर थांबला. मला वरून ऐकू आलं. पावलं थांबली, बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला, मग पुन्हा पावलं. आत आला तेव्हा चेहऱ्यावर ओल होती आणि तो डावा खांदा चोळत होता. मी विचारलं. "पित्त हाय," तो म्हणाला. "सकाळपास्नं मळमळतंय. तू लाव मशीन."

मला पित्तच हवं होतं. म्हणून मी पित्त मान्य केलं.

प्राजक्तानं तिची वाक्यं आधी उरकली आणि ती माझ्या शेजारी बसून राहिली. मल्लाप्पा आत गेला, मी पंखा बंद केला. पहिल्या टेकला 'की' वर चढला. इतक्या वर्षांची सवय, घसाच आपोआप चढायचा. दुसऱ्यांदा चढला, तिसऱ्यांदा चढला. तो स्वतःवरच चिडत होता. "परत घे," म्हणत होता. टेक संपला की "पंखा लाव की, शिजलो" येत होतं, पण दर वेळी हळू. मधेच रेवतीबाईंचा फोन, "होतंय का?" मी म्हणायचो, होतंय. मग काही टेकमध्ये 'की' खाली आला, पण पुढचं वाक्य रडकं झालं. मी काचेतून हात हलवून नाही म्हणालो.

"सर," प्राजक्ता हळूच म्हणाली, "त्यांना थोडं बसू द्या. चेहरा बघा त्यांचा."

मी बघितला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी म्हणालो, "आता सूर लागतोय. थांबलो तर जाईल."

हे वाक्य मी म्हणालो. प्राजक्तानं ते कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणून मी सांगतोय.

मल्लाप्पानं खुणेनं स्टूल मागितलं. त्याला बसून बोलायचं होतं. प्राजक्तानं आत नेऊन दिलं. तो बसला, पाठ गादीच्या भिंतीला टेकवली, मान पुढे केली. मी पंखा बंद केला. "मला काय म्हणायचंय की…" या वेळी 'की' चढलाच नाही. तो अर्ध्यात तुटला. आणि मग एक श्वास आला. आत जाताना अडखळणारा, दोनदा तुटलेला, कुठं संपेल ते कळू नये असा. तो लांबत गेला. मग त्या श्वासाच्या टोकावर अगदी साध्या आवाजात उरलेलं वाक्य आलं. "तू गेलीस तवापासनं रोज पाणी तापवलंय मी. कोण येत न्हवतं तरी."

प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या अंगावर काटा आला होता.

माझं पोट कानावर चालतं. नट जेव्हा दम लागल्याचं सोंग करतो, तेव्हा तो आधी पुरता श्वास भरून घेतो आणि मग तो तोडतो, हे मला कुणी सांगावं लागत नाही. खरा दम शब्द बोलू देत नाही, शब्दाच्या मधेच येतो. मल्लाप्पाचा श्वास 'की'च्या मधेच आला होता. तो अभिनय नव्हता हे मला त्याच क्षणी कळलं. पूर्ण नसेल, अर्धं कळलं. आणि मी काचेपलीकडे बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबून म्हणालो, "मिळालं. हाच."

लगेच रेवतीबाईंना फोन लावला. फाइल पाठवली, ऐका म्हणालो, फोन धरून उभा राहिलो. काचेपलीकडे मल्लाप्पा स्टुलावरच होता. मी अंगठा दाखवला. त्यानंही अंगठा वर केला. रेवतीबाईंनी तो प्रसंग दोनदा ऐकला, मग म्हणाल्या, "हाच आवाज ठेवू." मी तोंडभरून हसलो. तेवढा सगळा वेळ पंखा बंद होता. त्यानं मागितला नाही आणि मी लावला नाही.

तो बाहेर आला, भिंतीला धरून पाणी प्यायला.

"कोण हसंल काय रे?"

"कोणी नाही हसणार."

"मग झालं तर."

"दवाखान्यात जाऊन या दादा," प्राजक्ता म्हणाली. मी म्हणालो, "उद्या जा, नक्की जा." आणि हेडफोन चढवले. तो गेला की नाही हे विचारायला मी फोन केला नाही. कामात होतो. त्याचंच काम करत होतो, असं स्वतःला सांगत होतो.

चित्रपट लागला तेव्हा कोल्हापुरातल्या एका थिएटरात मी दुपारच्या खेळाला मागच्या रांगेत बसलो. मालिकेवर वाढलेली पोरं आता कॉलेजात गेलीत, ती सगळी आली होती. शेवटचा प्रसंग आला. रिकामा हौद. काझुओ काठावर. "मला काय म्हणायचंय की…" आणि थिएटर हसलं. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी "पडला, पडला" म्हणून आवाज दिला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. वाटलं, मेल्यावरही हसले ह्याला. पण श्वास सुरू झाला. तो लांबला. हसणारे पाणी वाजायची वाट बघत होते, आणि पाणी वाजेना. हसू आधी एका कोपऱ्यात थांबलं, मग दुसऱ्या. "पडला" म्हणणारा गप्प झाला. श्वास अजून चालूच होता. तो संपला तेव्हा त्या अख्ख्या थिएटरात कुणी खोकतही नव्हतं. मग तो बोलला. पुरतं बोलला.

लोक ज्याला अभिनयाचा कळस म्हणतात तो हा श्वास. मला तो ऐकवत नाही.

म्हणून गेल्या पंधरवड्यात रेवतीबाईंचा निरोप आला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. टीव्हीसाठी चित्रपट थोडा आखडायचा होता. "ती शेवटची श्वासाची जागा लांब आहे. चित्र आम्ही जुळवून घेऊ, तुम्ही आवाज कापा." कात्री माझ्याच हातात येत होती. तो तुकडा गेला असता तर निदान टीव्हीवर तरी मला तो पुन्हा भेटला नसता. मी कापायला बसलोही होतो, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. महानंदा वहिनी.

"गल्लीतल्या बायका म्हणत्यात, लय चांगलं बोललेत म्हणून," त्या दारातूनच म्हणाल्या. "थेटरात मला जमायचं न्हाय, भावजी. हितं ऐकवा."

मी त्यांना आतल्या खोलीत स्टुलावर बसवलं, दार लावलं, सवयीनं पंखा बंद केला, आणि न कापलेली फाइल लावली. "मला काय म्हणायचंय की…" वहिनी मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. श्वास सुरू झाला तशी त्यांची मान वर झाली. वाक्य संपलं. पुढे फाइल चालूच राहिली. माझा आवाज, "मिळालं. हाच." मग भिंतीवर हात घासल्याचा आवाज. मग काहीच नाही. प्रत्येक टेकच्या शेपटाला असलेलं ते वाक्य तिथं नव्हतं. मी पण ते पहिल्यांदाच ऐकत होतो, म्हणजे, ते नसणं.

"जिना चढून आले की असंच व्हायचं," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणायची, वजन कमी करा."

मी खुर्ची सोडून आत त्यांच्याजवळ गेलो. "वहिनी, मला कळलं होतं. तेव्हाच कळलं होतं. तरी मी थांबवलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. काचेकडे बघत म्हणाल्या, "घरात बंब तेच पेटवायचे. पहाटे, माझ्या आंघोळीला. मी म्हणायची, गिझर घेऊया. न्हाय म्हणायचे…" त्यांनी पदर तोंडाशी धरला, मग खाली केला. "त्या दिवशी तुमच्याकडनं आले आन् जेवताना म्हणाले, आज पुरतं बोललो. मी विचारलं, काय बोलला? तर म्हणाले, सिनेमात बघ."

मग मी त्यांना कापायच्या निरोपाबद्दल सांगितलं. टीव्हीसाठी श्वासाचा तुकडा काढायला सांगितलाय, मलाही तो नको झालाय, असं स्पष्टच सांगितलं.

"काढला तर बघणारी माणसं काय करतील?" त्यांनी विचारलं. मी त्यांना थिएटरातलं हसू सांगितलं, आणि ते कसं थांबलं तेही. त्या ऐकून घेत होत्या, कपाळावरचा घाम पुसत.

"म्हणजे काढला की परत हसतील."

"हो."

"मग तुमाला ऐकवत न्हाय म्हणून ह्यांच्यावर लोक हसवणार व्हय तुम्ही?"

त्यांच्या आवाजात राग होता की नाही ते मला अजून ठरवता येत नाही. असावा. असायला हवा. मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही माफी मागितली नाही.

मग त्यांनी वर बघितलं. "परत एकदा लावा. आणि आधी पंखा लावा की, लय उकडतंय हितं."

मी बाहेर आलो. खुर्चीच्या उजव्या हाताचं बटण दाबलं. पंखा आधी कुरकुरला, मग घरघरायला लागला. माइक बंद होता, त्याला ते ऐकू जाणार नव्हतं. काचेपलीकडे वहिनींच्या पदराचं टोक हलायला लागलं. मी तुकडा न कापता, तो अख्खा श्वास ठेवून, फाइल पुन्हा सुरुवातीपासून लावली.